बरगडी तुटली तर

मॅडम, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी संताप आला की तो तुम्हालाच सांगावासा वाटतो. मागच्या महिन्यात नेरला पुतणीच्या लग्नात तिचा बाप, म्हणजे माझा धाकटा भाऊ, खुर्चीवरून कोसळला. "कांदा आना, कांदा!" असा गलका झाला. नवरदेवाचे मेडिकलला असलेले मित्र तिथंच उभे. एकानं मनगट धरलं, दुसरा फोनवर विचारतोय, "सर, सुरू करू का?" छाती कशी दाबायची हे परीक्षेत घडाघडा बोलतील, पण सिनियर नसताना पेशंटला हात लावायचा नाही ही यांची शिस्त! माझा भाऊ नुसता आचके देत होता.

मी गुडघे टेकून त्याची छाती दाबायला लागले. कॉन्व्हेंटमध्ये प्रार्थनेसाठी गुडघे टेकायला शिकले होते, पेशंटसाठी टेकायला तुम्ही शिकवलंत. अजून डोळ्यांसमोर आहे: वॉर्डामागच्या खोलीत पदर खोचून तुम्ही जमिनीवर बसलेल्या आहात, पुढ्यात जिनिंग गिरणीतला कापूस गच्च भरून शिवलेलं पोतं. "दाबलेला कापूस पुरता वर येऊ दे, मग परत दाब. छातीचंही तसंच." प्रोफेसर असून आमच्याबरोबर घामाघूम व्हायचात. माझा हात चुकला, तेव्हा सगळ्यांसमोर म्हणालात, "कणीक मळतेस की काय?"

भुलीच्या डॉक्टरकीत माझा जन्म गेला, पण आता मनगटं साथ देत नाहीत. थोड्याच वेळात हात लुळे पडले. त्या मेडिकलवाल्यांच्या घोळक्यातल्या एका फुलसावंगीच्या मुलीला माझ्या जागी ओढून बसवलं.

"मॅडम, बरगडी तुटली त?"

"तुटू दे. माणूस गेला तर बरगडी काय शोकेसमध्ये ठेवतेस?"

ती रडत होती, पण दाबत होती. खोल, आणि दर वेळी छाती पुरती वर येऊ देत. ॲम्ब्युलन्स येऊन शॉक देईपर्यंत थांबली नाही. मधे तो फोनवरचा मित्र म्हणाला, "सर म्हणून राह्यले, थांब." ती म्हणाली, "त्याईले म्हनाव, इथं येऊन सांगा."

भाऊ वाचला. शुद्धीवर आल्यावर मलाच विचारतो, "कोन्या पोरीनं माही छाती ठेचली वं?"

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकणार? तरी एक सांगून टाकते. त्या मुलीला मी त्या दिवशी शाबासकी दिली नाही. "कोपर वाकतंय," एवढंच म्हणाले. तुम्हीही मला कधी दिली नाहीत, मॅडम, आणि मी अजून त्या शाबासकीची वाट पाहते.