दाराची आतली बाजू

१२ नोव्हेंबर, दुपार

प्रिय बारक्या,

साठीला आलास तरी तू बारक्याच, तक्रार चालणार नाही. तुझं पत्र मंगळवारी मिळालं. गुडघ्याचं ऑपरेशन पुन्हा पुढे ढकललंस हे वाचून कपाळावर हात मारला. माझं ठीक चाललंय. डोळ्यांत थेंब घालते, जिन्यात नवा दिवा लावून घेतला. वरच्या मजल्यावरच्या बाई रोज एकदा डोकावून जातात, मी अजून आहे ना ते बघायला.

तुझ्या धाकटीला कॉलेजच्या अंकासाठी आमच्या त्या भुताच्या सिनेमाच्या पडद्यामागच्या गोष्टी हव्यात म्हणे. पस्तीस वर्षांनी आत्याचा भाव एकदम वधारला. तर तिला सांग, ते घर अख्खं कधीच नव्हतं. तीन भिंती आणि वर ताणलेलं कापड. नायिकेची खोली आम्ही तीनदा बांधली, दर वेळी हातभर लहान, आणि दाराची मूठ दर वेळी थोडी वर. बाई तीच, कपडे तेच, पण शेवटाकडे ती लहान दिसायला लागते आणि बघणाऱ्याचा जीव गुदमरतो. का, ते कुणालाच सांगता येत नाही. वादळ म्हणजे पत्रा हलवणारे दोन सुतार. त्यांतल्या एकाला उचकी लागली की वादळ थांबवावं लागे. आणि जिन्याच्या कठड्यावरून सरकणारा तो पांढरा हात, ज्यानं लोकांच्या झोपा उडवल्या, तो आमच्या चहावाल्या मावशींचा. नायिकेचे हात फारच गुबगुबीत होते. त्या हातानं मावशींनी जन्मभर कपबशा विसळल्या, पण पडद्यावर तो पाहून त्या स्वतःच किंचाळल्या.

माझं काम नव्या लाकडाला म्हातारं करायचं. चहाचं पाणी, काजळी, मेण आणि तारेचा ब्रश, एवढ्यावर मी कुठल्याही दाराची शंभरी भरवत असे. ते काम मला मिळालं, कारण मूळ कादंबरी मला तोंडपाठ होती. दिग्दर्शकाला आम्ही टोपीवाला म्हणायचो, त्याच्या डोक्यावरून टोपी उतरलेली कुणी पाहिली नव्हती. त्यानं स्वतः ती कादंबरी अर्धीच वाचली होती. हे धाकटीनं छापू नये. किंवा छापू दे, तो काही आता भांडायला येत नाही.

कादंबरीत बंद खोलीतून ठोकण्याचा आवाज येत राहतो, पण दार शेवटपर्यंत उघडत नाही. सिनेमात उघडतं. खोली रिकामी असते, आणि दार वळताना त्याची आतली बाजू दिसते, ओरखड्यांनी भरलेली. टोपीवाल्याला तिथे सांगाडा हवा होता. मी म्हटलं, मला अर्धा तास द्या. केसातली पिन काढली आणि गुडघ्यांवर बसले. त्यानं येऊन पाहिलं आणि विचारलं, इतकं खाली का, कोंडलेली तर बाई आहे. मी म्हटलं, लहान मूल असलं तर? त्यानं सांगाडा परत पाठवला. पुढे प्रत्येक मुलाखतीत ती कल्पना त्यानं स्वतःची म्हणून सांगितली आणि मी मूग गिळून बसले. मला ते सोयीचंच होतं.

इथपर्यंतची पानं धाकटीला दे. पुढची तुझी आहेत.

बारक्या, तिनं तुझ्या पत्राखाली बारीक अक्षरात दोन ओळी घातल्यात, त्या तू पाहिल्यास का? "आत्या, ते ओरखडे आजोबांमुळे ना? बाबांनी मला सगळं सांगितलंय, मी ते लेखात घेणार आहे." त्या वाचल्यापासून तीन दिवस मी हे पत्र लिहितेय, आणि सुतारांच्या उचकीपाशी नि मावशींच्या हातापाशी रेंगाळतेय. फोनवर हे मला बोलताच आलं नसतं.

आपल्या बाबांनी तुला अडगळीच्या खोलीत कोंडलं, हे खरं. तू सहा वर्षांचा. त्यांचं गजराचं घड्याळ तू खोलून ठेवलंस, त्यांना छापखान्यात उशीर झाला, ते चिडले. पण कडी लावून निघताना ते मला म्हणाले, "दहा मिनिटांनी काढ त्याला. तोंड धू त्याचं आणि खायला दे." आई मावशीकडे गेलेली. घरात मी एकटी, अकरा वर्षांची घोडी.

मी मागच्या पायरीवर पुस्तक घेऊन बसले. लायब्ररीतून लपवून आणलेली कादंबरी. हो, तीच. म्हटलं, एवढं प्रकरण संपवते आणि उठते. त्या प्रकरणात बंद खोलीतून पहिल्यांदा ठोकण्याचा आवाज येतो. आणि मला तो ऐकू आला. आधी जोरात, मग थांबून थांबून. मला वाटलं, काय लिहिलंय यानं, खरंच ऐकू येतंय! अंगावर काटा आला. मी गुडघे पोटाशी घेतले आणि पान उलटलं.

तू ठोकत होतास, आणि मी घाबरायची मजा घेत होते.

नंतर आवाज थांबला, तेही माझ्या लक्षात आलं नाही. बाबा आले तेव्हा संध्याकाळचे सहा वाजले होते आणि माझी शेवटची दोन पानं राहिली होती. त्यांनी दार उघडलं. तुझ्या नखांतून रक्त येत होतं आणि तू रडतसुद्धा नव्हतास. त्यांनी तुला उचललं, तुझ्या खांद्यावरून माझ्याकडे पाहिलं, माझ्या हातातल्या पुस्तकाकडे पाहिलं. तू विचारलंस, ताईनं का नाही काढलं? ते म्हणाले, "तिचा हात कडीला पोचत नाही रे. मीच विसरलो."

मला त्यांनी एका शब्दानं विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी ती कडी काढून टाकली, पुस्तक स्वतः लायब्ररीत देऊन आले. पुढे घर दोनदा रंगवलं, पण त्या दाराच्या आतल्या बाजूला त्यांनी ब्रश लावू दिला नाही. म्हणून तर तो एकेक ओरखडा माझ्या हाताला पाठ होता.

त्या दिवसापासून तू त्यांच्याशी कामापुरतं बोललास. सिनेमा आला तेव्हा तुझं पोस्टकार्ड आलं, "दार पाहिलं. घरात तू एकटीच माझ्या बाजूची. बाबांना दाखव." ते कार्ड माझ्या कपाटात आहे. तेव्हाच तुला खरं कळवायला हवं होतं. पण तू मला तुझी म्हणत होतास, आणि ते मला सोडवेना.

बाबांना मी सिनेमा दाखवला. दुपारचा खेळ, अर्ध्याहून जास्त खुर्च्या रिकाम्या. दार वळलं तसे ते पुढे झुकले. बाहेर पडल्यावर बरंच अंतर चालले आणि मग म्हणाले, "उंची बरोबर घेतलीस." मी म्हटलं, बाबा, मी त्याला सगळं लिहून टाकते. ते म्हणाले, "नको. घरातलं एक तरी माणूस राहू दे त्याला." मी लगेच ऐकलं. एरवी त्यांचं कुठलं म्हणणं मी इतक्या पटकन ऐकलं, ते आठवत नाही.

त्यांच्या शेवटच्या आठवड्यात दार वाजलं की ते मान वळवायचे. तू आला नाहीस. मी लोकांना सांगितलं, रजा मिळाली नाही. तेव्हा तरी एक फोन करून तुला खरं सांगता आलं असतं. चांगले सहा दिवस होते माझ्या हातात. तुझ्यावर मी हा दुसरा अन्याय केला, आणि त्यांच्यावर तर किती केले ते मोजवत नाही.

धाकटीला लेखात आजोबांच्या जागी आत्या लिहायला सांग. जे घडलं ते सगळं लिहू दे, मला चालेल. उन्हाळ्यात तू येणार म्हणून तुझी खोली मी झाडून ठेवली आहे. नाही आलास तर मी समजून घेईन, असं लिहिणार होते, पण ते खोटं होईल. मला फार वाईट वाटेल, बारक्या. तरी ते तुझ्यावर आहे.

गेल्या खेपेला चहा पिताना तू म्हणालास, "ताई, तुझा हात पोचला असता तर तू मला काढलंच असतंस." मी कप उचलून आत गेले आणि बराच वेळ नळ सोडून उभी राहिले.

पोचत होता रे. टाचा न उचलता पोचत होता.

तुझी
ताई