जगबुडीचा कप्पा

४ ऑगस्ट २००२, देवास
इथल्या मराठी समाजाची मीटिंग. तीन वर्षांत कुणी नेलं नाही ते पुस्तक रद्दीत, असा तात्यांचा ठराव. कपाट महाप्रसादाच्या पातेल्यांना हवंय. ग्रंथपाल मी, पण मला विचारतंय कोण. तात्या अध्यक्ष, शिवाय मोठ्याने बोलतात. माझा खालचा कप्पा आधी जाणार. अकरा पुस्तकं, सगळी जग बुडाल्यानंतरची नाहीतर एकट्याने तगून राहण्याची.

६ ऑगस्ट
त्यातली तीन जिवापाड.
विहिरीची कादंबरी: नऊ वर्षं पाऊस नाही, एक बाई शेवटची विहीर राखते.
शिंप्याची: बोट फुटते, बेटावर एकटा शिंपी उरतो, सुईदोऱ्यासकट.
मास्तरांची: साथीत गाव संपतं, उरलेल्या सहा मुलांची शाळा मास्तर चालू ठेवतात. रोज हजेरी घेतात, गेलेल्यांचीसुद्धा.
लग्न होऊन धारहून इथे आले तेव्हा हे कारखान्यात, ओळखीचं एक माणूस नाही. या पुस्तकांनी धरून ठेवलं मला. सगळं गेल्यावरही माणसं चूल पेटवतात, एकमेकांना नाव विचारतात. हे तात्यांना कोण सांगणार.
मुक्ता, आमचं कॉलेजातलं कन्यारत्न, म्हणते, "आई, तेरी हर किताब में दुनिया खतम. कुछ अच्छा पढ़ ना." स्वतः मराठी वाचताना दर ओळीला अडखळते. सल्ले मात्र मला.

१० ऑगस्ट
लबाडी केली. रजिस्टरात अकराही पुस्तकं लोकांच्या नावावर चढवली. मास्तरांची कादंबरी शेजारच्या सुधाकर भावजींच्या नावावर. विचारायचं राहिलं. राहिलं कसलं, विचारलंच नाही.

१७ ऑगस्ट
तात्यांनी रजिस्टर पाहिलं आणि थेट भावजींना गाठलं. पुस्तक कसं वाटलं? भावजी भिडस्त, समोरच्याला तोंडघशी पाडणं जमत नाही. म्हणाले, "उत्तम." तात्या खूश. मग गणपतीत त्यावर बोला म्हणे. घ्या.
संध्याकाळी भावजी दारात. "वहिनी, मी वाचलेलं ते पुस्तक जरा देता का?"
मेल्याहून मेल्यासारखं झालं.

२१ ऑगस्ट
भावजींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालंय, वाचायची बंदी. मला शाळेत शिकवण्यातून सवड नाही. मुक्ताला बसवलं वाचून दाखवायला. "सजा मेरे को क्यों?"

२ सप्टें.
मुंगीच्या पावलाने चाललंय. मुक्ता शब्दाला अडते, भावजी अर्थ सांगतात, की चार ओळी पुढे. कसं वाटतंय विचारलं तर भावजींनी मुक्ताला पुढचं पान काढायला सांगितलं. मुक्ता म्हणाली, "काका को मास्टर पे गुस्सा आता है."
माझ्या मास्तरांवर राग! डोकंच उठलं.

१५ सप्टें.
काल गणपतीत भावजी बोलले. हातात कागद नाही. "पुस्तक खोटं आहे. मागे उरलेला माणूस रोज उठून हजेरी घेत नाही. आमची ही जाऊन वर्ष झालं. सहा महिने मी दाढीसुद्धा केली नव्हती."
मंडपात मागून शांताबाई, त्याही एकट्याच राहतात: "मी घेत होते की हजेरी. रोज दोन कप चहा टाकायचे." मग तिसरा बोलला, चौथा. वादच लागला. तात्या घड्याळ दाखवत राहिले, आरतीला उशीर. इतकी वर्षं पुस्तक जपलं मी, आणि मला जागा मागच्या सतरंजीवर. पण खरं सांगायचं तर आरती आणखी लांबली असती तरी चाललं असतं.

१६ सप्टें.
मास्तरांच्या पुस्तकासाठी सात जणांनी नावं दिली. तात्या म्हणतात, "मग ते एक ठेवू. बाकी दहा कशाला?" कपाळ बडवून घ्यावं.
शेवटी कबूल केलं, नावं मी चढवली. तात्या: "माहीत आहे. देशपांडे पुण्याला जाऊन चार वर्षं झाली, ते गेल्या महिन्यात पुस्तक न्यायला आले होते का?"
निकाल रविवारी मीटिंगमध्ये.

१९ सप्टें.
भावजी आले. "वहिनी, असलं अजून आहे का? जरा कमी खोटं."
विहिरीची दिली. सांगितलं, रविवारनंतर कप्पा राहील न राहील. "तोवर वाचू," म्हणाले. मुक्ता न बोलावता येऊन बसली. आत्ता ओट्यावर दोघांची हुज्जत चालू आहे. ती: "ये बाई विहीर छोड़के जाती क्यों नहीं?" ते: "कुठे जाईल?"
चौदाव्या पानावर आहेत. पुस्तक दोनशे बारा पानांचं.