गाळलेला परिच्छेद

मॅडम, माझ्या गोष्टीचा शेवटचा परिच्छेद तुम्ही मुद्दाम गाळलात, की तो खरंच राहून गेला? इतक्या वर्षांनी विचारतेय, कारण माझं पहिलं पुस्तक येतंय. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी मी नवोदित लेखिका झालेय.

उल्हासनगरला, कॅम्प चारच्या बाजारात, कापडाच्या दुकानावर तुमचा टायपिंग क्लास होता. मी अंबरनाथहून सकाळी सातच्या बॅचला यायची. तुम्ही सिंधी, पण मराठी टायपिंग तुमच्यासारखं कुणी शिकवत नसे. मी मजकूर वाचत रेंगाळले की मागून तुमची पट्टी टेबलावर वाजायची. "मतलब कशाला बघते? मतलब बघितला की बोट अडकतं. अक्षर बघ." त्यामुळे तुम्ही स्वतः काही वाचत असाल, असं मला कधी वाटलंच नाही.

त्या वर्षी एका दिवाळी अंकाने नव्या लेखकांकडून कथा मागवल्या होत्या. माझी गोष्ट बाबांवर होती. त्यांचा कारखाना बंद पडला होता आणि तरी ते दोन महिने रोज डबा घेऊन घराबाहेर पडत होते. माझा हात अजून बसला नव्हता, म्हणून टाइप करायला वही तुमच्याकडे दिली. पोस्टात टाकायच्या शेवटच्या दिवशी सकाळी तुम्ही वही आणि नऊ पानं माझ्या हातात ठेवलीत. एक चूक नव्हती. फक्त शेवटचा परिच्छेद नव्हता. आई डबा उघडून बघते आणि काही न बोलता घासायला घेते, तिथेच गोष्ट संपत होती. त्यापुढे गरिबी, स्वाभिमान आणि बापाचं काळीज यांवर मी पंधरा ओळी लिहिल्या होत्या. मला त्याच सगळ्यात जास्त आवडायच्या.

"मॅडम, शेवट राहिला!"

"राहिला? पान तर भरला."

"अख्खा परिच्छेद गेलाय. मराठी कळत नाही तर काम घ्यायचं कशाला?"

सगळी मशीनं थांबली. तुम्ही चष्मा काढलात, पदराने पुसलात. "पोस्ट उघडलं की टाकून ये. भांडण नंतर कर."

मी टाकून आले. भांडायला मात्र आले नाही, क्लासलाही नाही. गोष्ट छापून आली. अंक तुम्हाला दाखवायला आणेन, आणेन म्हणत राहिले. मग एमआयडीसीतली नोकरी, लग्न होऊन बदलापूर, आणि लिहिणं सुटलंच, ते थेट पन्नाशीत पुन्हा धरलं. तुम्ही गेल्याचं वर्षभराने कुणाकडून तरी कळलं.

परवा माझ्या पुस्तकाचं संपादन करणाऱ्या मुलीचा फोन आला. "बाकीच्या गोष्टींचे शेवटचे परिच्छेद काढूया का? तुम्ही शेवटी समजावून सांगता. ही डब्याची गोष्ट बघा ना, किती नेमकी थांबते. तेव्हा कसं सुचलं?"

फोन ठेवल्यावर मी बदलापुरातल्या, कात्रपच्या या घरात माळ्यावरून ती वही काढली. खिडकीशी धरून पाहिली. त्या पंधरा ओळींभोवती कसलीच खूण नाही. त्याच पानाच्या कोपऱ्यात कार्बन पेपरने निळ्या झालेल्या अंगठ्याचा ठसा आहे. तो अंगठा तुमचा असेल, तर ते पान तुम्ही उलटलं होतंत. वाचलंही होतंत का? मतलब बघितलात का, मॅडम? मी 'मराठी कळत नाही' म्हणाले, तेव्हाही खरं सांगितलं नाहीत, ते कशासाठी?

ऋणनिर्देशाचं पान उद्या द्यायचंय. तुमचं नाव शोधायला उल्हासनगरला जाऊन आले. क्लासच्या जागी मोबाइलचं दुकान आहे. बॅचमधल्या एकीला फोन केला, तिलाही फक्त 'मॅडम' आठवतं. नाव मिळेना म्हणून तुमची ओळ राहिली, असं मी मनाशी ठरवून टाकलं. पण नावाशिवायही ती लिहिता आली असती. त्या मुलीने विचारलं, तेव्हा मी म्हणाले होते, "मुद्दामच तिथे थांबवली."