आग्रहाचं पाणी

ता. ४ ऑगस्ट

ती. वन्संना,
शि. सा. न. वि. वि.

यांच्या लिम्फोमावरचं औषध शिरेतून दुसऱ्यांदा देऊन झालं. मानेतल्या गाठी अजून तशाच आहेत. तुम्ही लिहिल्याप्रमाणे भरपूर पाणी पाजते. हे नको म्हणतात, मळमळतं म्हणतात, पण तुमचं नाव काढलं की पेला रिकामा! लहानपणी भावाला काय धाकात ठेवलं असेल तुम्ही!

एकच सलतंय. काल दुकानात कुलूप दुरुस्त करताना कानस हातात धरून हे कानसच शोधत होते. मी हसले, तर केवढ्यानं खेकसले. मग मीही अबोला धरलाय.

उत्तराकडे डोळे लावून,
तुमची वहिनी

ता. ९ ऑगस्ट

प्रिय वहिनी,
अ. आ.

भाऊ औषधाच्या बाबतीत पहिल्यापासून नाटकी. त्याच्या तोंडाकडे बघून विरघळू नकोस. आमच्या शेजाऱ्यांना त्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, औषधाचं विष पाण्यानंच धुऊन निघतं. पेले वाढव. चिडचिडही त्या विषाचीच. अबोला मात्र सोड. आजारी माणसाशी कसलं भांडण?

दोघांना जवळ घेऊन,
ताई

ता. १५ ऑगस्ट

ती. वन्संना,
सा. न.

घाबरू नका, धोका टळलाय, म्हणून तर लिहायला बसले. तुमचं पत्र आलं त्याच दिवशी हे किल्ली घेऊन कोऱ्या भिंतीत कुलूप शोधत होते. मला ओळखेनात. मग आकडी आली. तसंच दवाखान्यात आणलं.

रक्तातलं सोडियम फार खाली गेलं होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, या आजारात कधी कधी पाणी धरून ठेवणारं हार्मोन शरीरात उगीचच जास्त सुटतं. पाणी लघवीवाटे जायचं तेवढं जात नाही, रक्तातलं मीठ पातळ होत जातं. मळमळ, विसर, चिडचिड, सगळी त्याचीच लक्षणं. पाणी किती पीत होते, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, ते पीत नव्हते हो, मी पाजत होते.

मूळ दोष आजाराचा, असं त्या परत परत सांगतात. पण हे नको म्हणत होते ना, वन्सं! आणि मी रुसून बसले होते. डॉक्टरीणबाईंपुढे तुमचं नाव मी घेतलं नाही.

वहिनी

ता. १९ ऑगस्ट

वहिनी,

आशीर्वाद कुठल्या तोंडानं लिहू? माझं नाव का नाही घेतलंस? घ्यायला हवं होतंस. शेजाऱ्यांचा आजार वेगळा, औषध वेगळं. ऐकीव गोष्ट मी हुकूम करून पाठवली. माझ्या धाकानं भाऊ पेला संपवतो, हे वाचून त्या दिवशी मी खूश झाले होते गं. आता ते पत्र हातात धरवत नाही. यावंसं फार वाटतं, पण त्याच्यासमोर उभी कशी राहू?

तुमची अपराधी,
ताई

ता. २४ ऑगस्ट

ती. वन्संना,
उभयतांचा सा. न.

हे घरी आले. सोडियम अगदी सावकाश वर आणलं; घाई केली तर मेंदूला इजा होते म्हणे. लिम्फोमाचं औषध पुढे चालू राहणार. तोवर दिवसभराचं पाणी मोजूनच द्यायचं.

आता सगळं उलटं झालंय. हे घोटभर मागतात आणि मी नाही म्हणते. काल ओठ ओले करून दिले, तर माझं मनगट धरून ठेवलं. सोडवून घेतलं आणि न्हाणीघरात जाऊन रडले.

तुमचं पत्र यांना वाचून दाखवलं. हे म्हणाले, ताई रडत असेल, तिला बोलावून घे.

तेव्हा माफीचं राहू द्या, मीही मागत बसत नाही. तुम्ही या. यांना नाही म्हणायला मी एकटी पुरत नाही.

वाट पाहणारी,
वहिनी