शुभाची कादंबरी आणि चेंबूरचा मुलगा

शुभा,

तुझ्या उशीखालची कादंबरी मी एका बैठकीत वाचली. वाचता वाचता दूध उतू गेलं, हेही कबूल. पण त्या नायकाला उद्योग काय? गच्चीत सिगरेट ओढतो आणि नायिकेला रडवतो. माझ्या शिकवणीतली चौथीची पोरंही त्याला शहाणा म्हणणार नाहीत. असल्याच्या नादानं तू परवा बघायला आलेल्या चेंबूरच्या मुलाला ‘अगदीच साधा’ ठरवलंस. पोहे झाल्यावर त्याने सगळ्यांच्या बश्या स्वतः आत नेऊन ठेवल्या. आपल्या घरात एकाही पुरुषाला हे कधी सुचलेलं नाही.

तुझ्या बाबांनी पोस्टात टाकायला दिलेलं नकाराचं पत्र माझ्या पिशवीत आहे. सहापर्यंत विचार कर. नकोच असेल, तर शिकवणीवर येऊन सांग. मी मुकाट्यानं पेटीत टाकेन. आली नाहीस, तर पत्र घरी परत येईल.

रत्नाआत्या