फाळक्यावरची गौर

नीउ-व्हेनेप, नेदरलँड्स,
अक्षय्य तृतीयेच्या अलीकडचा गुरुवार

प्रिय सरलाआत्या,

तुझ्या भाच्याचा पायावर डोकं ठेवून नमस्कार. (इतक्या लांबून पाय सापडत नाहीत, तरी दिशा पुण्याचीच धरली आहे.) तुझा गुडघा कसा आहे? ते हिरवं तेल अजून लावतेस का? लावत असलीस तर रात्री लाव, दिवसा बसमध्ये लोक उठून जातात. मी मजेत आहे. काकांकडे येऊन दोन महिने झाले, व्हिसाचा एक उरला आहे, आणि डिप्लोम्याचं काय झालं हे या पत्रात विचारू नकोस, कारण पत्राचा विषय फाळका आहे.

फाळका म्हणजे ट्रकच्या मागची झडप. आपल्या फलटणच्या साखर कारखान्याबाहेर उसाच्या ट्रकचा फाळका खिट्टी काढली की धाडकन पडायचा आणि खाली उभ्या असलेल्या माणसाचं नशीब ठरायचं. (तिथला तो चहावाला आठवतो? आलं इतकं घालायचा की डोळ्यांतून पाणी. असो.) तर शैलेंद्रकाकांनी अडुसष्टाव्या वर्षी पिकअप ट्रक घेतला. अमेरिकन, सेकंडहँड, आणि एवढा मोठा की दिवाणखान्याच्या खिडकीतून आता बाग दिसत नाही, चाक दिसतं. इथे लोक अख्खा संसार सायकलवर वाहतात, त्यात हा हत्ती. पण काका ट्रकच्या नाही, फाळक्याच्या प्रेमात आहेत. बटण दाबलं की तो हळूच खाली येतो. मधला तुकडा उलटला की पायरी होते, बाजूने धरायला दांडा निघतो. थोडा वर घेतला की उभ्यानं काम करायचं टेबल, पुरता आडवा केला की बसायला बाक. काका त्यावर बसून बूट घालतात, टेबलावर रोपं लावतात, आणि गावाबाहेर भाड्याने घेतलेल्या भाजीच्या वाफ्यावर खताची पोती नेताना पायरीवरून हौद्यात चढतात, दांडा धरून, एकटे. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर कुणाचा हात न धरता ते पहिल्यांदा कशावर तरी चढले ते यावरच. हे त्यांनी मला सांगितलं, काकूला नाही.

काकूचं म्हणणं, पायरीच हवी होती तर पाट आणायचा होतात. सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये ट्रकला दोन जागा लागतात, तेव्हा ती पदरानं तोंड झाकते. (ती बाहेर साडी नेसत नाही, जॅकेटची टोपी ओढते. भावना पदराचीच.) शेवटी तिनं गिऱ्हाईक शोधलं. एक काचघरवाला, म्हणजे काचेच्या घरात भाजी पिकवणारा शेतकरी, गेल्या शनिवारी चारला येऊन ट्रक घेऊन जाणार होता. काका नुसते रोज फाळका पुसायला लागले. मला बघवेना.

आता त्याच शनिवारी काकूचं चैत्रातलं हळदीकुंकू. येणाऱ्या बायका बहुतेक मुलांकडे राहायला आलेल्या आया, म्हणजे गुडघे सगळ्यांचे तुझ्यासारखे. काकू कैऱ्या आणायला गेली आणि आरास माझ्यावर सोपवून गेली. मी खोकी शोधायला कारपोर्टमध्ये, म्हणजे गाडीच्या छपराखाली गेलो. तिथे फाळका उघडा, पुसलेला, चकाकत होता. मग मला राहवलं नाही. हौद्यात काकूची पैठणी अंथरली, गौरीचा झोपाळा छपराच्या कडीला टांगला, कलिंगडाचं कमळ केलं, चहूकडे शेजारणीचे ट्युलिप. (विचारून घेतले. जवळपास विचारून.)

काकू आली ती कैऱ्यांची पिशवी धरून उभीच राहिली. म्हणाली, “कुशल, ही माझी पैठणी आहे की तुझ्या काकांच्या ट्रकची चादर?” पण तेवढ्यात पहिल्या पाहुण्या, वसुधामावशी आल्या. त्यांना गेल्या वर्षी सतरंजीवरून उठवायला तिघी लागल्या होत्या. त्यांनी दांडा धरला, पायरीवर पाय ठेवला, गौरीला हळदकुंकू वाहिलं आणि फाळक्यावर बसल्या त्या उठेचनात. मागून सगळ्याच. पाय खाली सोडून, पन्ह्याचे पेले हातात, ओळीनं. “मंजूषा, हे बरं केलंस गं,” वसुधामावशी काकूला म्हणाल्या, आणि काकूनं चक्क मान डोलावली.

चारला काचघरवाला आला. इथे चार म्हणजे चार. त्याला आंब्याची डाळ दिली, त्यानं ती चमच्यानं संपवली आणि किल्ली मागितली. काकांनी खिशात हात घातला. हात बाहेर येईना. तेव्हा माझ्या तोंडून निघालं, की एकदा बसवलेली गौर अक्षय्य तृतीयेपर्यंत जागची हलवत नाहीत, आमच्या आजीची तशी रीत होती. काकांनी आयुष्यात आरतीला टाळी वाजवलेली नाही, पण त्यांनी डोळे मिटून हात जोडले. काकूनं माझ्याकडे बघितलं. फार वेळ बघितलं. काचघरवाल्यानं मात्र फोन काढला, गौर कधी जाते ते विचारलं आणि त्या तारखेला चारची वेळ टाकून घेतली.

तेव्हापासून काका रोज संध्याकाळी गौरीपुढे दिवा लावतात. काकू नैवेद्य घेऊन जाते, पायरीवरून चढते, आणि मग फाळक्यावर बसून मेथी निवडते. काका शेजारी. काय बोलतात कोण जाणे, हसू ऐकू येतं. मला या घरात राहून बरं वाटतंय आत्या, आणि मला कुठे राहून बरं वाटतं असं फारसं होत नाही.

तुझा,
कुशल

ता. क. काकू रविवारी तुला फोन करून आजीची रीत विचारणार आहे. आजीची अशी काही रीत होती का, मला खरंच माहीत नाही. तू हो म्हण. आणि जमलं तर गौर वर्षभर हलवत नसत असं म्हण.

ता. क. २. हे व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं असतं तर तुला तुझ्या सुनेनं, श्रुतीवहिनीनं, वाचून दाखवलं असतं आणि लगेच काकूला कळवलं असतं. म्हणून शेजारचा लोकेश पुण्याला निघालाय, त्याच्या हाती कागद देतोय.

सरलाताई, नमस्कार. लोकेशला द्यायचं पाकीट उघडंच फाळक्यावर ठेवून हा सायकल घेऊन कुठेतरी गेला आहे, म्हणून वाचलं. सासूबाईंची गौर सकाळी ओट्यावर आणि दुपारी माजघरात असायची, मीच उचलून न्यायची. रविवारी मी फोन करीन तेव्हा कुशल जवळच कान लावून उभा असेल. तुम्ही हो म्हणा. त्या शेतकऱ्याला मी परवाच नको म्हणून कळवलं आहे. ह्यांना एवढ्यात सांगू नका. चाळीस वर्षांत पहिल्यांदा देवापुढे दिवा लावतायत, अक्षय्य तृतीयेपर्यंत लावू देत.
— मंजूषा