नाववाचनातली माझी पाळी

मी, क्लिफर्ड हार्डकॅसल, वय ८६, निवृत्त प्लंबर, राहणार कीली, यॉर्कशर, पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र करत आहे. गुडघे गेले आहेत, डोकं जागेवर आहे. आधीचं मृत्युपत्र रद्द समजावं. ते माझी बायको एनिड हयात असताना केलं होतं. पहिली पाच कलमं मार्गी लावायची म्हणून लिहितो. सहावं मला हवं आहे. ते पाळलं गेलं नाही, तर बाकीची पाळून माझ्यावर काही उपकार होणार नाहीत.

१. राहतं घर आणि बँकेत उरेल ते माझी मुलगी जिलियन हिला. न्हाणीघरातला गरम पाण्याचा नळ तीस वर्षं गळतो आहे. लोकांचे नळ दुरुस्त करण्यात वेळ गेला, असं मी एनिडला सांगत आलो. खरं म्हणजे आळस.

२. माझे पाने, पाइप वाकवायचं यंत्र आणि डाग द्यायचा दिवा गावातल्या तंत्रशाळेला. मोठा पाना शेजाऱ्याकडे आहे. तो स्वतःचाच असल्यासारखा वापरतो. त्याच्याकडून परत घ्यावा.

३. एनिडची चहाची निळी किटली माझी बहीण डोरीन हिला. १९६२ च्या मार्चमध्ये आमची पहिली मुलगी मृत जन्मली. चौथ्या दिवशी डोरीन भेटायला आली आणि म्हणाली, “आमच्या घराण्यात असलं कधी झालं नाही बाई. तुझ्या माहेरी कुणाला होतं का, विचारून बघ जरा.” एनिडने याच किटलीतून तिला चहा दिला आणि पुढे चाळीस वर्षं देत राहिली. डोरीन, मी तिथेच बसलो होतो आणि गप्प राहिलो, म्हणून तुझ्यावरचा राग मी निम्माच धरला आहे. निम्मा माझ्या वाट्याला.

४. पुढील निवेदन एनिडला. वकीलबाई म्हणाल्या, “मृत व्यक्तीच्या नावे काही ठेवता येत नाही, मिस्टर हार्डकॅसल.” मी म्हणालो, तरी लिहा.

१९५८ साली मी वीस वर्षांचा होतो आणि सैन्यात होतो. पॅसिफिकमधल्या ख्रिसमस बेटावर आम्हाला समुद्राकडे पाठ करून वाळूत बसवलं, डोळ्यांवर मुठी दाबायला सांगितल्या आणि चाचणीचा हायड्रोजन बॉम्ब फोडला. मिटल्या डोळ्यांना माझ्याच बोटांची हाडं दिसली. असं तीन वेळा झालं. बेट सोडताना कागदावर सही घेतली, की यातलं काही बाहेर बोललो तर तुरुंग.

चार वर्षांनी इस्पितळाच्या व्हरांड्यात डॉक्टरांनी मला विचारलं, “तुमचा कधी क्ष-किरणांशी, रसायनांशी, असल्या कशाशी संबंध आला होता?”

“नाही डॉक्टर. काही नाही.”

सही पाळली म्हणून मला तेव्हा अभिमान वाटला, हे लिहिताना आज लाज वाटते. डॉक्टर वळले आणि सगळे प्रश्न एनिडला विचारू लागले. काय खाल्लं, काय उचललं, आईला काही दुखणं होतं का. बावीस वर्षं ती स्वतःला तेच विचारत होती. जिलियन डाव्या हाताची दोन बोटं चिकटलेली घेऊन जन्मली, तेव्हा एनिड तिच्याकडे न बघता म्हणाली, “परत माझ्यामुळेच.” तेव्हाही मी बोललो नाही.

१९८४ साली बेटावरच्या सैनिकांच्या दुखण्यांबद्दल आणि त्यांच्या मुलांबद्दल वर्तमानपत्रात छापून आलं. ते मी तिच्यापुढे ठेवलं आणि सगळं सांगितलं. तिने दोनदा वाचलं.

“डॉक्टरांना का नाही सांगितलंस?”

“सही केली होती.”

“लग्नाच्या वहीतही केली होतीस.”

आठ दिवस ती माझ्याशी बोलली नाही. नवव्या दिवशी कपडे वाळत घालताना, पाठ तशीच ठेवून म्हणाली, “मी तिचं नाव ठेवलं होतं. लिनेट. गुपितं काय तुला एकट्यालाच ठेवता येतात?”

सगळं बॉम्बमुळेच झालं का, हे मी सिद्ध करू शकत नाही. बेटावर माझं रक्त तपासलं होतं, त्याचे कागद मागून मागून थकलो. पण विचारलं तेव्हा मी खोटं बोललो, एवढं सिद्ध आहे. एनिड, दोष तुझा नव्हता. तू ऐकायला होतीस तेव्हा मी हे मोठ्याने म्हणालो नाही.

५. माळ्यावरची सरकारशी झालेल्या पत्रव्यवहाराची सतरा खोकी जिलियनवर लादत नाही. तिने माझ्यासाठी मंत्र्यांना पत्रं लिहिली, मोर्च्यात फलक धरला, आणि लिनेटला अकरा परक्या बाळांबरोबर कुठे पुरलं ते दफनभूमीच्या नोंदींतून शोधून काढलं. मी म्हणालो, “पोरी, पुरे आता. तुझं आयुष्य जग.” ती म्हणाली, “बाबा, हेच जगतेय.” बेटावर होतो म्हणून सरकारकडून पासष्ट वर्षांनी टपालाने आलेलं पदकही तिचंच. हवं तर विकावं.

६. बेटावरच्या सैनिकांच्या आमच्या संघटनेचा मेळावा दरवर्षी सप्टेंबरात भरतो. त्या वर्षी गेलेल्यांची नावं अध्यक्ष डेझमंड अ‍ॅक्रॉइड वाचतो. बेटावर आम्ही एकाच तंबूत होतो. प्रत्येक नावानंतर त्या माणसाचा एखादा सोबती उभा राहून “हजर” म्हणतो. बायकांची, मुलांची नावं वाचत नाहीत. एनिड गेली त्या वर्षी मी विचारलं होतं.

“क्लिफ, नियम म्हणजे नियम. बेटावर होते त्यांचीच नावं. एकाचं वाचलं तर सगळ्यांची वाचावी लागतील.”

“मग वाच की.”

“संध्याकाळ होईल रे,” तो म्हणाला आणि खोलीबाहेर गेला.

म्हणून माझ्या मृत्यूनंतरच्या मेळाव्यात माझं नाव वाचू नये. माझी पाळी मी माझ्या थोरल्या मुलीला देतो. ‘लिनेट हार्डकॅसल’ असं वाचावं आणि जिलियनने “हजर” म्हणावं. साठच्या दशकात मृत बाळाचं नाव सरकारी नोंदीत लिहीत नसत. कुणीतरी ते माणसांपुढे एकदा मोठ्याने उच्चारावं, एवढंच मागणं आहे.

साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही, म्हणून डेझमंडला मुद्दाम साक्षीदार केला आहे. त्याला मिळणार काही नाही, आणि वाचल्याशिवाय मी त्याला सही करू देणार नाही.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो माझाच आहे.

(सही) क्लिफर्ड हार्डकॅसल
कीली, दिनांक ११ जून २०२४

साक्षीदार १: (सही) सबीहा मलिक, कारकून, वकील कार्यालय, कीली

साक्षीदार २: (सही) डेझमंड अ‍ॅक्रॉइड, निवृत्त बसचालक, बिंगली

साक्षीदार क्र. २ यांनी सहीखाली स्वहस्ते लिहिलेले: क्लिफ, तुझ्या मरणाची वाट मी बघत नाही. लिनेटचं नाव यंदाच वाचतो, ऐकायला ये. आमचाही एक मुलगा असाच गेला, १९६४ साली. पेगीने आणि मी त्याचं नावच ठेवलं नाही. आज घरी जाऊन तिला विचारतो, काय ठेवायचं.